अंतराळातनं आलेलं बी म्हणून विकालेत, घ्यावं काय?

येळ्ळूरचा बासमतीवाला:
नमस्कार मंडळी. आमच्याकडं एकजण मिरची-टोमॅटोच्या बियांची पाकिटं घेऊन फिरालाय, म्हणतोय हे बी अंतराळात जाऊन आलंय, उत्पन्न दुप्पट. दर ऐकूनच डोकं फिरलं, तरी शेजाऱ्यानं दोन पाकिटं घेतली पण. मला मात्र वेगळंच विचारायचंय. आपण बासमतीचं बी सुगीला काढून पावसाआधीच्या कोरड्या, धूळवाफ पेरणीपर्यंत पोत्यात ठेवतो, मध्ये वळवाची दमट हवा लागली की तेवढ्यानंच उगवण मार खाते. मग तिथं वर ना हवा ना काय, ते बी जगतंय कसं? का सगळ्या थापाच?

खानापूर अ‍ॅग्री:
थापा नव्हेत ओ. चांगल्या वाळलेल्या बियाचं आतलं काम जवळजवळ बंदच असतंय, त्यामुळं निर्वात आणि थंडी त्याला फारसं काही करत नाही. नासानं १९८४ ला एका उपग्रहात टोमॅटोचं सव्वा कोटी बी वर पाठवलं, वर्षभरात खाली आणायचं ठरलेलं पण आधी तारीख पुढं गेली मग १९८६ ला चॅलेंजर या अवकाशयानाचा अपघात झाला, असं करत ते १९९० पर्यंत वरच. आणल्यावर शाळेतल्या पोरांना वाटलं, पोरांनी लावलं, जमिनीवर ठेवलेल्या बियासारखंच उगवलं. अर्थात ते डब्यात बंद होतं, उघड्यावर नव्हे.

निपाणीकर:
उघड्यावरचा प्रयोग पण झालाय आणि त्यात कोण होती सांगू? तंबाखू! स्पेस स्टेशनच्या बाहेरच्या अंगाला ५५८ दिवस ठेवलेलं, २००८-०९ ला. तंबाखूचं बी म्हणजे रव्यापेक्षा बारीक, तरवा टाकताना राखेत मिसळून फोकावं लागतंय, असलं बी तिथं टिकलं. तंबाखूचं ४४ टक्के जगलं, सोबत अ‍ॅराबिडॉप्सिस म्हणून मोहरीच्या जातीतलं एक झाड होतं त्याचं कमी, दोन्ही धरून २३ टक्के. आणि मेन गोष्ट ही की ज्या बियावर ऊन पडू दिलं नव्हतं ते सगळं उगवलं, फक्त उशिरा. म्हणजे खरा मारा उन्हातल्या अतिनील किरणांचा. बियाच्या सालीतली काही द्रव्यं हे किरण अडवतात, ज्या जातीत ती नव्हती ती जास्त मेली.

येळ्ळूरचा बासमतीवाला:
भारी की! पण मग दुप्पट उत्पन्नाचं काय?

खानापूर अ‍ॅग्री:
ते विसरा. वरच्या किरणोत्सारानं बियाच्या डीएनएत बदल होतात हे खरं, पण कुठला होईल ते कुणाच्या हातात नसतंय, बहुतेक बदल बिनकामाचे नाहीतर वाईट. चीनवाले १९८७ पासून बी वर पाठवून नवीन वाण काढालेत, पण वरनं आलेल्या बियातनं पिढ्यान् पिढ्या निवड करून, क्रॉस करून मग वाण होतोय. आपल्याकडं भुईमुगाचा टीएजी २४ तसाच, भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणं मारलेल्या वाणांतनं आलेला, त्याला अंतराळात जायची गरज पण पडली नाही. नुसतं जाऊन आलेलं बी उलट थोडं ढिलंच पडतंय. ब्रिटनमधनं रॉकेट नावाच्या पालेभाजीचं दोन किलो बी २०१५-१६ ला सहा महिने स्टेशनवर ठेवलेलं, उगवलं पण जोम किंचित कमी आणि जुनं होताना लवकर खराब होणारं. पाकीटवाल्याला वाणाचं नाव, लॉट नंबर आणि उगवणीचा टक्का विचारा, पळून जाईल.

चिकोडीचे आण्णा:
बाळांनो, वरचं राहू दे, त्यांच्या पोत्याचं सांगा की आधी. बियातला ओलावा एक टक्का कमी केला की आयुष्य साधारण दुप्पट होतंय, हा जुना नियम. भात १२ टक्क्यांच्या आत वाळवा, दाताखाली कट्ट करून फुटलं पाहिजे, मग गार झाल्यावर हवाबंद डब्यात भरा, तागाच्या पोत्यात नको, पोतं हवा ओढून घेतंय. पेरायच्या आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, ८० च्या खाली उगवले तर बी बदला.

येळ्ळूरचा बासमतीवाला:
करतो आण्णा, डबा आजच बघतो. मसुराला पण हेच चालतंय नव्हे?

चिकोडीचे आण्णा:
चालतंय. मसुराला भुंगा बघा तेवढा, डबा भरायच्या आधी चांगलं ऊन द्या.

निपाणीकर:
शुभांशु शुक्लांनी २०२५ ला वर मेथी आणि मुगाला मोड आणले ना, तो प्रयोग आपल्या धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि आयआयटीचा. सप्टेंबरात तिथल्या कृषी मेळ्याला कोण जाणार असलं तर पुढं काय झालं ते विचारून इथं टाका.