उत्तर: ठरावीक श्रद्धा नसेल तर आचरण कशावर उभं राहणार?

एकच देव मानणाऱ्या, मूर्तिपूजा न करणाऱ्या प्रार्थना समाजाबद्दल या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, 'ग्रंथ प्रमाण नाही, मूर्ती नाही, मग उपासना म्हणजे चार चांगले विचार ऐकून घरी जाणं,' हे म्हणणं मला अर्धं पटलं. तो धोका खरा आहे. पण समाजसुधारक विठ्ठल रामजी शिंदे यांचं उदाहरण इथे कुणीच काढलेलं नाही. १९०१ ते १९०३ अशी दोन वर्षं ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात युनिटेरियन (त्रैक्य न मानता एकच देव मानणाऱ्या ख्रिस्ती) मंडळींकडे त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला, परतून मुंबईत प्रार्थना समाजाचं प्रचारकार्य हाती घेतलं आणि १९०६ साली अस्पृश्य मुलांच्या शिक्षणासाठी मिशन काढलं. मिशनचे अध्यक्ष होते प्रार्थना समाजाचेच नारायण चंदावरकर. धर्मचिंतन करता करताच ते शाळेपर्यंत पोचले! अर्थात पुढे १९१० मध्ये शिंदे समाजाच्या कामातून बाहेर पडले, हेही सांगायला हवं. सगळ्याच सभासदांना त्यांचा वेग झेपला नसावा.

माझा अनुभव फार छोटा आहे. समाजाच्या उपासनेत प्रवचनानंतर काही क्षण सगळे डोळे मिटून बसतात. पंख्याचा आवाज, कुणाचं तरी खोकणं, बस. एका रविवारी त्या शांततेत भावाशी तीन वर्षं धरलेला अबोला असा काही टोचला, की बाहेर पायरीवरच चपला घालता घालता त्याला फोन लावला.