मदत हवी आहे: पॉलचा अल्बम समीक्षकांना आवडला होता की नव्हता?

सुरवेडा: पॉलच्या अल्बमवर उद्या संध्याकाळी आमच्या ग्रुपात बोलायचंय. एकीकडे वाचलं की समीक्षकांनी धू धू धुतला, दुसरीकडे १० पैकी ९.२. नक्की काय? पटकन सांगा, आज रात्रीच लिहून काढायचंय.

तबकडी: कुठला पॉल? कुठला अल्बम?

सुरवेडा: अहो मॅकार्टनी! बीटल्सवाला. तो मेंढ्याचा अल्बम.

तबकडी: मग 'रॅम' म्हणा ना. मे १९७१. नुसता 'पॉलचा अल्बम' म्हटलं की लोक १९७० चा 'मॅकार्टनी' धरतात. आणि हा तसा एकट्याचा नाहीच, पॉल आणि त्याची बायको लिंडा दोघांच्या नावावर आहे.

मी_जॉर्जवाला: कशाला वेळ घालवता? बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' ऐकवा. तीन तबकड्या, एक मिनिट फुकट नाही.

खडूस_काका: तिसऱ्या तबकडीवरचं जॅमिंग शेवटपर्यंत ऐकलंयत कधी? खरं सांगा.

चहाबाज: रेकॉर्ड जुनी असेल तर आधी सुई बदला. माझी महिनाभर खरखरत होती, मी उगाच स्पीकरला दोष देत बसलो.

सुरवेडा: रेकॉर्ड नाहीये, मोबाइलवर ऐकतो. समीक्षकांचं सांगा हो!

तबकडी: दोन्ही खरं, फक्त सालं वेगळी. १९७१ ला 'रोलिंग स्टोन' या संगीताच्या नियतकालिकात समीक्षक जॉन लँडाउने सोलून काढला. बीटल्सचा ड्रमर रिंगोसुद्धा म्हणाला, यात धड एक चाल नाही. म्हणजे चालींच्या राजालाच! खप मात्र दणकून: इंग्लंडात पहिला, अमेरिकेत दुसरा. ९.२ 'पिचफोर्क' या संगीताच्या वेबसाइटचे, २०१२ च्या नव्या आवृत्तीला. माझं मत विचाराल तर तेव्हा बीटल्स फुटल्याचा राग पॉलवर निघत होता. लोकांना गंभीर काहीतरी हवं होतं, आणि हा तीन पायांच्या कुत्र्यावर गातोय. आज तोच घरगुतीपणा आवडतो. 'अंकल अल्बर्ट' हेडफोन लावून ऐका. मधेच पाऊस आणि गडगडाट येतो, आणि बघता बघता गाणंच बदलतं.

खडूस_काका: राग उगाच नव्हता. यातल्या 'टू मेनी पीपल' गाण्यात बीटल्समधल्याच जॉन लेननला टोमणे आहेत. मागच्या कव्हरवर तर एका भुंग्यावर दुसरा चढलाय. भुंगा म्हणजे इंग्रजीत बीटल हो, बीटल!

मी_जॉर्जवाला: म्हणून तर लेननने पॉलला झोडणारं 'हाउ डू यू स्लीप' गाणं काढलं. बरं केलं.

तबकडी: त्यात स्लाइड गिटार कोणाची? तुमच्याच जॉर्जची.

सुरवेडा: भांडा नंतर. माझं काम झालं, आभार. त्या भुंग्यांचा फोटो आहे का कोणाकडे? मोबाइलवर पुढचंच कव्हर दिसतं.

खडूस_काका: आहे. ग्रुपात लहान मुलं नाहीत ना?