फोटो उघडून कुठं कॉम्प्युटर बसतो?

राजारामपुरीचा डिझायनर
काल आपल्या छपाई-डिझाइनवाल्यांच्या ग्रुपवर एका दुकानदारांनी लिहिलं, "फोटो उघडून कुणाचा कॉम्प्युटर बसत नाही. अपडेट बंद ठेवा, मशीन हलकं चालतं." वर सगळ्यांचे अंगठे. मला गप्प बसवेना.

फाईलच्या सुरुवातीला चित्राची रुंदी-उंची लिहिलेली असते. सॉफ्टवेअर त्यावर विश्वास ठेवून मेमरीत जागा धरतं. आत मुद्दाम जास्त माल भरला असेल तर तो शेजारच्या जागेत सांडतो, आणि त्यातून दुसऱ्याचा कोड आपल्या मशीनवर चालू शकतो. जिंप या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये डीडीएस, पीएसडी, पीएसपी या जातीच्या चित्रांच्या फाईली उघडताना अशाच जातीची भोकं सापडली, ती नोव्हेंबर २०२३ च्या २.१०.३६ आवृत्तीत बुजवली. आपण फोटोशॉप ७ वर बसलोय, २००२ चं. ते कोण बुजवणार?

लक्ष्मीपुरी फ्लेक्स
भावा, ते मीच लिहिलंय. वीस वर्षं पेनड्राइव्हवरनं फाईली घेतोय, काय झालं न्हाई. नवं फोटोशॉप महिन्याला भाडं मागतंय. आणि माझी श्रीलिपीतली, म्हंजे त्या जुन्या मराठी फॉन्टातली, सगळी कामं त्या जुन्या मशीनवर हाईत. परत टाइप कोण करणार?

पत्रिका-स्मरणिका
श्रीलिपीचं नाव काढू नका. तिच्यात 'क' दिसतो, पण फाईलच्या पोटात भलताच कोड असतो. फॉन्ट नसला की सगळी रांगोळी. शाळेची ऐंशी पानांची स्मरणिका मी त्यापायी रात्री जागून पुन्हा टाइप केलीय. युनिकोडवर या आता, त्यात प्रत्येक अक्षराचा कोड सगळीकडं एकच असतो.

लक्ष्मीपुरी फ्लेक्स
ताई, फोटोशॉप ७ मध्ये युनिकोडात 'कीर्ती' लिहून दाखवा. रफार वर चढतच न्हाई, 'र' पाय मोडून बाजूला उभा. 'स्थिती'ची पहिली वेलांटी अक्षराच्या मागं. असली पत्रिका छापली तर गिऱ्हाईक पैसे देईल?

पत्रिका-स्मरणिका
दोष युनिकोडचा नाही, तुमच्या २००२ च्या सॉफ्टवेअरचा आहे! जिंप फुकट आहे, त्यात 'कीर्ती' नीट उमटते.

लक्ष्मीपुरी फ्लेक्स
जिंपमध्ये सीएमवायके, म्हंजे छपाईच्या चार शाईंचा मोड कुठाय? धंदा आमाला करायचाय, तुमाला न्हाई.

राजारामपुरीचा डिझायनर
फॉन्टवरून भांडू नका. गेल्या लग्नसराईत एका सकाळी आमच्या अल्बमची एकही फाईल उघडेना. प्रत्येक नावापुढं अनोळखी शेपूट आणि डेस्कटॉपवर खंडणीची चिठ्ठी. अकरा लग्नं गेली. वधूपित्याला फोन लावताना माझे हात कापत होते.

लक्ष्मीपुरी फ्लेक्स
वाईट झालं. पण ते फोटोतनं आलं का? खरं सांग.

राजारामपुरीचा डिझायनर
नाही. क्रॅकमधून आलं, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवायच्या चोरट्या फाईलीतून. अँटिव्हायरस मीच बंद केला होता. फोटोवर ढकलता येत नाही, कबूल. पण क्रॅक टाकला की अपडेटही बंद होतं, आणि ही भोकं तशीच उघडी राहतात.

लक्ष्मीपुरी फ्लेक्स
मग कंपन्यांनाबी बोल की. २०१२ ला ॲडोबीनं भोक बुजवायला फोटोशॉपचं नवं सीएस६ विकत घ्या म्हणून सांगितलंवतं. लोक खवळले तवा कुठं जुन्या सीएस५ ला दुरुस्ती द्यायला तयार झाले.

राजारामपुरीचा डिझायनर
तो राग मलाही आहे. दुरुस्ती फुकटच पाहिजे.

लक्ष्मीपुरी फ्लेक्स
बरं. जुनं मशीन नेटवरनं काढतो. बाहेरची फाईल पोरगं नव्या मशीनवर उघडंल, तिथनं साधी जेपीजी करून देईल. पण श्रीलिपी सोडणार न्हाई.

पत्रिका-स्मरणिका
नका सोडू. पण नेटची केबल आजच काढा. आणि त्या कामांची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या, ती मशीनला कायम जोडून ठेवू नका.