बिझनेस स्कूलमध्ये पीएचडी करायची आहे: शाळेचा इतिहास, संशोधन आणि स्ट्रॅटेजिक प्लॅन कसे वाचायचे?

सारिपाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सप्लाय चेनमध्ये नऊ वर्षं नोकरी झाली. आता पूर्णवेळ पीएचडी करायचं ठरवलंय. प्रश्न डोक्यात पक्का आहे: मालाची टंचाई आली की काही मोठ्या कंपन्या आपल्या छोट्या पुरवठादारांना सगळ्यात आधी वाऱ्यावर सोडतात, काही मात्र धरून ठेवतात. असं का होतं, आणि धरून ठेवणाऱ्यांचं पुढे काय होतं?

दोन विद्यापीठांच्या बिझनेस स्कूलशी बोलणं पुढे गेलंय. नावं मुद्दाम देत नाही. एक शंभरी ओलांडलेलं, दुसरं तीसेक वर्षांचं. दोघांचे 'आमच्याविषयी', 'संशोधनाची बलस्थानं' आणि पाच वर्षांचा स्ट्रॅटेजिक प्लॅन शेजारी शेजारी उघडून वाचले. नावं झाकली तर कोणता कागद कुणाचा हे मला सांगता येणार नाही. दोघांचं संशोधन जागतिक दर्जाचं, दोघांनाही शाश्वततेची काळजी, दोघेही उद्योगांशी नातं जोडणार.

माझी चार वर्षं आणि घरची सगळी घडी पणाला लागणार आहे. तुम्ही हे कागद कसे वाचता? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दौतटाक

इतिहासाचं पान बहुतेक जण सोडून देतात. तुम्ही सोडू नका. स्थापनेचं साल किती जुनं याला फार अर्थ नाही. शाळा कुणी काढली, कशासाठी काढली आणि ती कोणत्या विभागाच्या पोटातून आली, ते शोधा.

व्हार्टन १८८१ची. जोसेफ व्हार्टन हे लोखंड आणि निकेलच्या धंद्यातले गृहस्थ, त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला एक लाख डॉलर दिले. पैसा कारखानदाराचा, पण घर विद्यापीठाचं. बर्मिंगहॅम विद्यापीठात १९०२ साली वाणिज्य शाखा सुरू झाली, तिचे पहिले डीन विल्यम ॲशली मुळात आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक. हार्वर्डची शाळा १९०८ची. तिथे १९१९ मध्ये डीन झालेले वॉलेस डोनम कायदा शिकलेले होते. वर्गात खटले घेऊन शिकवायची रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली, आणि केस मेथड, म्हणजे खऱ्या कंपन्यांच्या प्रसंगांवर वर्गात चर्चा करून शिकवणं, तिथे रुजली ती त्यांच्याच कारकिर्दीत. तीन शाळांचे तीन पिंड, आणि पिंड सहजासहजी बदलत नाही.

दुसरी खूण १९५९ची. त्या वर्षी अमेरिकेत दोन अहवाल आले. एक फोर्ड फाउंडेशनसाठी गॉर्डन आणि हॉवेल यांचा, दुसरा कार्नेगी कॉर्पोरेशनसाठी पिअर्सन यांचा. दोन्हींनी बिझनेस स्कूलना खडसावलं की शिकवणं उथळ आहे आणि संशोधन तोकडं आहे. पुढच्या वर्षांत अर्थतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ मोठ्या संख्येने या शाळांत आले. कार्नेगी टेकने (आजचं कार्नेगी मेलन विद्यापीठ) मात्र हे दहा वर्षं आधीच सुरू केलं होतं. १९४९ मध्ये तिथे जीएसआयए ही बिझनेस स्कूल निघाली आणि हर्बर्ट सायमन, रिचर्ड सायर्ट, जेम्स मार्च ही मंडळी तिथे एकत्र काम करू लागली. मोदिग्लियानी आणि मिलर यांचा भांडवल रचनेवरचा (कंपनीने कर्ज किती घ्यावं, समभागांतून किती उभारावं यावरचा) १९५८चा गाजलेला पेपर याच शाळेतल्या दिवसांतला. सायमन यांना १९७८, मोदिग्लियानींना १९८५ आणि मिलर यांना १९९० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वेगवेगळ्या विषयांची माणसं एका छताखाली आणायची हा निर्णय १९४९चा, आणि त्याची फळं पुढची चाळीस वर्षं येत राहिली. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं.

आता तुमच्याकडे येतो. त्या दोन्ही ठिकाणी ऑपरेशन्सचा गट कुठून आला ते बघा. इंजिनिअरिंगमधून आला असेल तर मॉडेल, ऑप्टिमायझेशन, सिम्युलेशन असं गणिती काम हा त्यांचा हातखंडा असेल. तुमचा प्रश्न नात्यांचा आणि ताकदीचा आहे. तुम्हाला पुरवठादारांसमोर बसून मुलाखती घ्याव्या लागतील, करार वाचावे लागतील. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यात तुम्ही एकटे पडाल.

पाणकळा

मला वाटतं तुम्ही गुंता वाढवताय. एएसीएसबी, इक्विस, अँबा या बिझनेस स्कूलना मिळणाऱ्या तिन्ही मान्यता असतील, म्हणजे ट्रिपल क्राऊन असेल, आणि रँकिंगमध्ये शाळा वर असेल तर ती घ्या. उद्या नोकरी मागायला गेलात की लोक आधी नावच बघतात. मी नाव बघूनच गेलो आणि मला त्याचा फायदा झाला.

उंबरठा

पाणकळा, एमबीएसाठी तुमचं म्हणणं मी मान्य केलं असतं. पीएचडीचं गणित निराळं आहे. एएसीएसबी १९१६ची संस्था, इक्विस १९९७ मध्ये सुरू झालं. दोन्ही सगळ्या शाळेची घडी तपासतात. अँबा १९६७ची, ती तर एमबीएसारखे अभ्यासक्रम तपासते. यातलं कुणीच सांगत नाही की तुमच्या विषयाची किती माणसं तिथे आहेत आणि ती तिथे टिकतात का.

मी नावाजलेल्या शाळेत एका प्राध्यापकांसाठी गेले होते. चौदावा महिना असेल. नेहमीसारखी प्रकरणाचा मसुदा घेऊन गेले तर त्यांनी उठून दार लावलं. त्यांनी कधीच दार लावलं नव्हतं. मागचं पुस्तकांचं कपाट अर्धं रिकामं होतं, आणि जमिनीवरच्या खोक्यात सगळ्यात वर माझीच फाइल होती, हिरव्या दोऱ्याने बांधलेली. पुढच्या सत्रापासून दुसऱ्या विद्यापीठात चाललोय, म्हणाले. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना तिकडे चांगली संधी होती. पण माझ्या विषयाचं दुसरं माणूस त्या इमारतीत नव्हतं. मला फायनान्सचे गाईड मिळाले. माणूस अतिशय चांगला, पण प्रत्येक मुलाखतीपुढे ते पेन्सिलीने लिहायचे, 'नमुना (सॅम्पल) किती?' माझी दोन वर्षं वाढली.

म्हणून सारिपाट, एक काम करा. दोन्ही विद्यापीठांच्या ग्रंथालयाच्या साइटवर जाऊन गेल्या पाच-सहा वर्षांतले तुमच्या विषयाचे प्रबंध काढा. आधी ऋणनिर्देशाचं पान वाचा. विद्यार्थी तिथे मनापासून लिहितात. आभार कुणाकुणाचे आहेत? दर प्रबंधात तेच एक नाव येतंय, की तीन-चार जणांनी मसुदे वाचल्याचं दिसतं? सेमिनारचा उल्लेख आहे का? माहिती मिळवायला शाळेतल्या कुणी कंपन्यांची दारं उघडून दिली का? मधेच गाईड बदलल्याचं दिसतं का? मग ते विद्यार्थी आज कुठे आहेत ते शोधा. एका संध्याकाळी होतं हे सगळं.

तळटीप

उंबरठाताई, +१. संशोधनाच्या बळाबद्दल थोडी भर घालतो.

वेबसाइटवर 'आमची सहा बलस्थानं' अशी चौकट असते. खरं बळ असतं तिथे बहुतेक वेळा मागे कुणीतरी वर्षानुवर्षं चिकाटीने केलेलं काम असतं. शिकागोचं बघा. १९६० साली तिथे जेम्स लोरी आणि लॉरेन्स फिशर यांनी शेअरच्या किमतींचं केंद्र उभारलं, ते सीआरएसपी. मेरिल लिंचने पैसे दिले. न्यूयॉर्क शेअर बाजारातल्या समभागांच्या १९२६पासूनच्या महिनावार किमती गोळा करून, चुका दुरुस्त करून, नीट मांडून ठेवल्या. दिसायला कारकुनी काम. पण यूजीन फामा यांच्यासारख्यांनी बाजारावर जे संशोधन केलं त्याला अशी विश्वासाची आकडेवारी लागते. फामांना २०१३ मध्ये नोबेल मिळालं.

वेगळं उदाहरण ससेक्सचं. ख्रिस्तोफर फ्रीमन यांनी १९६६ मध्ये तिथे विज्ञान धोरणाच्या संशोधनाचं केंद्र काढलं, स्प्रू म्हणतात त्याला. आज ते तिथल्या बिझनेस स्कूलचा भाग आहे. नवतंत्र अर्थव्यवस्थेत कसं रुजतं, हा विषय त्या शाळेला या केंद्राकडून आयता मिळाला. शाळेचं वय आणि तिच्या संशोधनाचं वय वेगळं असू शकतं ते असं. तुमच्या तीस वर्षांच्या शाळेतही एखादा गट तिच्याहून जुना असेल, तपासा.

निवडक संशोधन-नियतकालिकांच्या याद्यांचं सांगतो, कारण शाळा त्याच पुढे करतात. फायनान्शियल टाइम्सच्या यादीत ५० नियतकालिकं, टेक्सस विद्यापीठाच्या डॅलस शाखेच्या यादीत २४. 'आमचे अमुक पेपर या यादीत' एवढ्याने समाधान मानू नका, नियतकालिक कोणतं ते बघा. जर्नल ऑफ ऑपरेशन्स मॅनेजमेंट प्रत्यक्ष पाहणीवर उभं असलेलं काम छापतं. ऑपरेशन्स रिसर्चमध्ये गणित असतं. दोन्ही २४च्या यादीत आहेत, पण तुमच्यासाठी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि पेपर छापून आला तेव्हा लेखक त्या शाळेत होता का, की नंतर नेमणूक झाली, हेही बघा. नेमणुकीबरोबर जुने पेपरही प्रोफाइलवर येतात.

वहिवाट

स्ट्रॅटेजिक प्लॅन लिहिणाऱ्या समितीत मी दोनदा बसलोय, म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो.

सगळे प्लॅन सारखे वाटतात कारण ते एकाच वाचकासाठी, म्हणजे शाळेला तपासणाऱ्यांसाठी, लिहिलेले असतात. एएसीएसबीच्या २०२०च्या निकषांत समाजावरचा परिणाम हा स्वतंत्र निकष आहे. जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाची संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याची तत्त्वं २००७ची, त्यांवर शेकडो शाळांनी सह्या केल्यात. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचं आरईएफ नावाचं मूल्यमापन होतं. २०२१च्या फेरीत प्रकाशनांना ६० टक्के, समाजावरच्या परिणामाला २५ टक्के आणि संशोधनाच्या वातावरणाला १५ टक्के वजन होतं. इतकं सगळं डोक्यावर असताना शब्द सारखेच येणार. त्यात लबाडी नाही.

फरक क्रियापदात दिसतो. आमच्या पहिल्या मसुद्यात वाक्य होतं, 'पाच वर्षांत तीन संशोधन केंद्रं उभारू.' वित्त विभागाच्या बाईंनी विचारलं, पदं कोण भरणार, पहिल्या तीन वर्षांचे पगार कुठून येणार? खोलीत कुणी बोललं नाही. पुढच्या मसुद्यात वाक्य झालं, 'संशोधन केंद्रांच्या उभारणीला चालना देऊ.' ती केंद्रं झाली नाहीत. त्याच प्लॅनमध्ये दुसरं वाक्य होतं, 'दुसऱ्या वर्षअखेर पीएचडीच्या दहा जागा पूर्ण शिष्यवृत्तीसह, खर्च कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणातून येणाऱ्या उत्पन्नातून.' आकडा, मुदत, पैशाचा झरा, तिन्ही होतं. ते झालं.

तेव्हा 'चालना', 'प्रोत्साहन', 'बळकटी' असे शब्द आले की पेन्सिलीने खूण करा. आणि जमलं तर आधीचा प्लॅनही मिळवा. जुना प्लॅन साइटवरून काढलेला असतो, पण इंटरनेटच्या संग्रहात बरेचदा सापडतो. त्यातलं काय झालं, काय गुपचूप गळलं, ते मिळवून बघा. मी स्वतः नव्या प्लॅनपेक्षा जुन्यावर जास्त वेळ घालवतो.

तुमच्या दोनांपैकी एखादी शाळा ब्रिटनमधली असेल तर तिने आरईएफसाठी दिलेलं संशोधन-वातावरणाचं निवेदन जाहीर आहे. व्यवस्थापनाचा गट १७व्या क्रमांकाखाली मिळेल. पीएचडीचे विद्यार्थी किती, निधी कुठला, नव्या प्राध्यापकांना कसं सांभाळतात, हे त्यात माहितीपत्रकापेक्षा बरंच मोकळेपणाने लिहिलेलं असतं.

सारिपाट

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस हेच करत होतो.

जुनी शाळा: ऑपरेशन्सचा गट इंजिनिअरिंगमधूनच आलाय. प्रबंध अकरा मिळाले, त्यातले नऊ गणिती मॉडेलचे. उरलेल्या दोघांचे गाईड एकच, आणि ते आता प्राध्यापकांच्या यादीत नाहीत. प्लॅनमध्ये 'सप्लाय चेन लवचिकता केंद्राला बळकटी' आहे. त्या केंद्राच्या पानावरची शेवटची बातमी तीन वर्षांपूर्वीची.

नवी शाळा: प्रबंध सहाच. पण सहाही ऋणनिर्देशांत तीच तीन नावं, आलटून पालटून, आणि एका सेमिनारचा उल्लेख चार ठिकाणी. एकीने लिहिलंय की पुरवठादारांच्या यादीसाठी शाळेचा एका उद्योग संघाशी असलेला दहा वर्षांचा करार कामी आला. तो गट समाजशास्त्र विभागातून आलाय, हे दौतटाक यांनी सुचवलं म्हणून शोधलं. जुन्या प्लॅनमधल्या पाच आकड्यांपैकी चार पूर्ण झालेत. एक पूर्ण झालं नाही, ते नव्या प्लॅनमध्ये कारणासकट लिहिलंय.

पाणकळा

कारणासकट लिहिलंय, हे मी अजून कुठल्या प्लॅनमध्ये पाहिलं नाही. माझं मत थोडं बदललं. तरीही दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांशी बोलल्याशिवाय होकार देऊ नका.

सारिपाट

हो, तेच करतोय. दोन्हीकडच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना लिहायला तीन प्रश्न काढलेत. गाईड शेवटचे कधी भेटले आणि किती वेळ? मसुदा गाईडशिवाय आणखी कुणी वाचतं का? शिष्यवृत्ती संपल्यावर काम उरलं तर काय होतं? आणखी काही विचारू का?

उंबरठा

एक घाला: 'तुमचे गाईड उद्या गेले तर तुम्ही कुणाकडे जाल?' उत्तरात नाव लगेच येतं का ते बघा. मेलवर नको, फोनवर विचारा.

सारिपाट

घातला. नव्या शाळेतल्या एकीशी आत्ताच बोललो. तिने दोन नावं सांगितली आणि त्यातल्या एका बाईंशी मला बोलायला सांगितलं. त्यांची वेळ गुरुवारची मिळालीय. जुन्या शाळेतल्या दोघांनी शनिवारी फोन करायला सांगितलंय. बोलणं झालं की इथेच लिहितो.