मदत हवी आहे : ‘फॉर कलर्ड गर्ल्स’चं वाचन कसं घ्यावं?

नमस्कार मंडळी. आमच्या बायकांच्या वाचनगटात अमेरिकन लेखिका न्टोझाके शांगे यांचं हे नाटक घ्यायचंय. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात एका बारमध्ये सुरू झालेला हा कविता-नृत्याचा प्रयोग १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर पोचला. सात कृष्णवर्णीय स्त्रिया, नावाऐवजी फक्त रंग. बलात्कार, गर्भपात, मारझोड, सगळं त्या स्वतःच बोलतात.

अडचण क्रिस्टलच्या प्रसंगाची. तिची गोष्ट त्या सातजणींपैकी एक सांगते. क्रिस्टलचा जोडीदार ब्यू विली पोटच्या दोन लेकरांना पाचव्या मजल्याच्या खिडकीतून सोडतो. मोठ्याने वाचताना माझा आवाजच फुटेना. गटातल्या काहींनी घरी मार सोसलाय. पण गाळणं पटत नाही. त्यानंतरच तर त्या सातजणी एकमेकींना सावरतात.

असं वाचन कुणी घेतलंय का? आधी काय सांगितलंत? नंतर बायकांना कसं सांभाळलंत?