अश्वगंधाची मुळं जाड कशी होतील? दीड एकर, बजेट १५ हजार

मुरमाडवाला_बुलढाणा: राम राम मंडळी. मागच्या साली अश्वगंधा फेकून पेरली. पाला भरघोस, मुळं मात्र काडीएवढी अन् त्याला फाटेच फाटे. मध्य प्रदेशातल्या नीमच मंडीत नेली तर सगळी हलक्या मालात गेली, गाडीभाडं कसंबसं निघालं. जमीन हलकी, उताराची. यंदा काय बदलू? १५ हजाराच्या वर एक रुपया नाही.

ठिबक_जिंदाबाद: बेड (उंच वाफे) पाडा, ड्रिप अन् मल्चिंग (आच्छादनाचा कागद) टाका. मी टाकलं, एकरी ६० हजार गेले पण रान बघायला लोक येतात.

काळी_माती: माझ्या भारी रानात पाणी साचून अर्धं पीक सडलं. बेड पाहिजेच.

वऱ्हाडी_काका: भाऊ, पाला भरघोस म्हणजे नत्र जास्त झालं. युरिया किती टाकला? अन् एकरी बी किती?

मुरमाडवाला_बुलढाणा: काका, एक गोणी युरिया, सोयाबीनची सवय. बी ७ किलो.

वऱ्हाडी_काका: तिथंच चुकलं. फेकून पेरायला ४-५ किलो खूप झालं, ओळीत तर २ किलोत भागतं. दाट झालं की मुळं पोसत नाहीत. महिन्याच्या आत विरळणी करा, दाट झालेली रोपं उपटून टाका. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला, कच्च्यानं मुळाला फाटे फुटतात. युरिया बंद.

हात_पोळलेला: २००४ ला सफेद मुसळी लावली होती, ते पण औषधी मुळांचंच पीक, माल आम्हीच घेऊ म्हणणारे नंतर फोनच उचलेनात. घर विकायची वेळ आली होती. आधी गिऱ्हाईक बघा.

ठिबक_जिंदाबाद: भाऊ, विषय अश्वगंधाचा आहे, मुसळीचा नाही. ड्रिप टाका.

हात_पोळलेला: विषय पैशाचा आहे.

माळवा_रिटर्न: बियाणं बदला, मंदसौरचं जवाहर असगंध-२० वाण नाहीतर सीमॅपची (लखनौची सरकारी औषधी वनस्पती संस्था) पोषिता. अन् फळं लाल होऊन खालची पानं वाळल्याशिवाय खणू नका, १५०-१८० दिवस लागतातच. मंडीत एकत्र ढीग कधीच नेऊ नका, जाड मुळं घरीच वेगळी काढा. आतून पांढरं अन् कट्कन मोडणारं मूळ वेगळ्या भावानं जातं, मी दोन वर्षं ढिगानं विकून नुकसान केलंय.

काळी_माती: बेड विसरू नका.

मुरमाडवाला_बुलढाणा: सगळ्यांचे आभार. बेड नाही, ड्रिप नाही, उतारावर पाणी थांबतच नाही. बियाणं पण घरचंच, दोष त्याचा वाटत नाही. जोराचा पाऊस ओसरला की ऑगस्टअखेर बी वाळूत मिसळून ओळीनं पेरतो, युरिया शून्य. विरळणीला मजूर परवडत नाही, घरचे चौघं बसू. काका, ओळीत अंतर एक फूट ठेवू का?

वऱ्हाडी_काका: ठेवा. अन् बी खोल नको, बोटाच्या एका पेराच्या आतच.