नुसता दंड पुरणार नाही

एका भावानं लिहिलंय की बॉक्सिंगमध्ये फाईटआधी खेळाडूचं वजन ठरलेल्या गटापेक्षा जादा भरलं तर मानधनातले पैसे कापा आणि फाईट होऊ द्या, मला नाही पटत. एप्रिल 2024 ला बॉक्सर रायन गार्सिया 140 पौंडाच्या फाईटला 143.2 भरला, म्हणजे जवळजवळ दीड किलो जादा, बेल्टचा (म्हणजे विजेतेपदाचा) हक्क गेला खरा पण फाईट झालीच आणि त्यानं डेव्हिन हेनीला तीनदा पाडलं (नंतर डोपिंगमुळं निकाल रद्द झाला ते वेगळं). ज्यानं उपाशी राहून वजन बसवलं त्यानंच मार खायचा? 2018 ला टोकियोत बॉक्सर लुइस नेरी 118 पौंडाच्या जागी 121 भरला तर जपाननं बंदीच घातली, तसंच पायजे.

पण शिक्षा ही शेवटची गोष्ट. आमच्या कोल्हापुरात तालमीतला माझ्या जोडीचा पोरगा वजनगटाच्या कुस्तीआधी भर उन्हात दोन जर्किनं घालून रंकाळ्याला पळायचा, पाणी बंद, ओठ फुटलेले, थुंकीसुद्धा गिळायचा नाही, डब्यात थुकायचा. बॉक्सिंगमध्ये अशा अंगानं डोक्यावर ठोसे खाल्ले तर पोरगं जिवानिशी जाईल हो! डब्ल्यूबीसी ही बॉक्सिंगची जागतिक संघटना फाईटच्या 30 आणि 7 दिवस आधी वजन बघते, तसं सगळीकडं सक्तीचं करा आणि तेव्हाच जादा दिसला तर सरळ वरच्या गटात खेळवा.